पेरियार: पर्यटनस्थळाचे शाश्वत व्यवस्थापन आणि स्थानिक सहकार्याचा इतिहास

१. प्रस्तावना

पर्यटनाच्या अभ्यासात 'शाश्वत व्यवस्थापन' आणि 'स्थानिकांचा सहभाग' हे दोन शब्दप्रयोग नेहमी जोडीने येतात. मात्र सहभाग या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच नसतो. गावकऱ्यांना सभेला बोलावणे, स्वच्छतेची शपथ देणे, चार तरुणांना वाटाडे म्हणून रोजंदारीवर ठेवणे, यालाही सहभाग म्हटले जाते. पर्यटनाच्या उत्पन्नातील वाटा, नियम ठरवण्याचा अधिकार आणि संरक्षणाची जबाबदारी लेखी कराराने गावाकडे सोपवणे, यालाही सहभागच म्हणतात. पहिल्या प्रकारात स्थानिक माणूस मदतनीस असतो, तर दुसऱ्या प्रकारात तो भागीदार असतो. स्थळ टिकते की नाही हे बऱ्याच अंशी या फरकावर ठरते.

प्रस्तुत पाठात हा फरक केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या इतिहासातून समजून घ्यायचा आहे. या उदाहरणाची निवड तीन कारणांसाठी केली आहे. एक, येथील पर्यटनाचा प्रवास संस्थानी काळापासून आजपर्यंत सलग पाहता येतो. दोन, येथे झालेला प्रयोग पुढे देशाच्या कायद्यात उतरला. तीन, ज्या प्रकल्पातून हा प्रयोग घडला तोच प्रकल्प दुसऱ्या एका अरण्यात मोठ्या विरोधाला सामोरा गेला. त्यामुळे सहकार्य कशामुळे घडते आणि कशामुळे घडत नाही, याची तुलना करता येते.

२. धरण, सरोवर आणि शिकारीचे रान

थेक्कडीला येणारा पर्यटक जे सरोवर पाहतो ते नैसर्गिक नाही. पश्चिमेकडे वाहणाऱ्या पेरियार नदीचे पाणी पूर्वेकडच्या वैगई खोऱ्यात, म्हणजे मदुराईच्या कोरडवाहू भागाकडे वळवण्यासाठी ब्रिटिशांनी मुल्लपेरियार धरणाची योजना आखली. त्यासाठी १८८६ मध्ये त्रावणकोर संस्थान आणि मद्रास इलाखा यांच्यात ९९९ वर्षांचा भाडेपट्टा झाला. अभियंता जॉन पेनिक्विक यांच्या देखरेखीखाली १८९५ मध्ये धरण पूर्ण झाले आणि दऱ्यांमध्ये पाणी पसरले. पाण्याबाहेर आजही उभे असलेले वाळलेल्या झाडांचे खोड त्या बुडालेल्या जंगलाची खूण आहे.

सरोवराभोवतीचे जंगल १८९९ मध्ये राखीव करण्यात आले. हेतू मुख्यतः पाणलोट सांभाळण्याचा होता. त्रावणकोरचे महाराज चित्तिरा तिरुनाळ बलराम वर्मा यांच्या काळात, १९३४ मध्ये, येथे नेल्लिक्कमपट्टी अभयारण्य स्थापन झाले. सरोवराच्या काठी एडपालयम येथे महाराजांचा महाल होता. आज तेथे पर्यटकांसाठी हॉटेल आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पेरियार वन्यजीव अभयारण्य आणि १९७८ मध्ये पेरियार व्याघ्र प्रकल्प असा या क्षेत्राचा दर्जा वाढत गेला. आज प्रकल्पाचे क्षेत्र ९२५ चौरस किलोमीटर आहे.

या साऱ्या कालक्रमात एक गोष्ट अनुक्त राहते. हे जंगल रिकामे नव्हते. मन्नान, पळियन, उराळी, मलमपंडारम अशा आदिवासी समूहांचे जगणे या डोंगरांवर अवलंबून होते. मध, मासे, कंद, डिंक आणि गवत त्यांना येथूनच मिळत असे. संस्थानाने, मद्रास इलाख्याने आणि नंतर राज्य शासनाने जंगलाविषयीचे निर्णय घेतले, तेव्हा त्यात या लोकांना विचारण्याची पद्धत नव्हती. मन्नान आणि पळियन यांच्या वस्त्या पुढे कुमळीजवळ मन्नाक्कुडी आणि पळियक्कुडी येथे एकवटल्या. एकीकडे बोटीतून हत्ती पाहणारे पर्यटक वाढत गेले, तर दुसरीकडे त्याच पाण्यात मासे धरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरत गेला.

३. पहारा आणि त्याच्या मर्यादा

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प यांनी भारतातील वन्यजीवांना मोठा आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांची कार्यपद्धती मुख्यतः पहाऱ्याची होती. हद्द आखायची, वनरक्षक नेमायचे आणि आत येणाऱ्यावर खटला भरायचा.

पेरियारमध्ये ही पद्धत अपुरी पडली. एका बाजूला तमिळनाडूची सीमा आणि दाट लोकवस्ती होती. दुसऱ्या बाजूला शबरीमला हे देशातील मोठ्या यात्रांपैकी एका यात्रेचे ठिकाण प्रकल्पाच्या पश्चिम भागात होते. जळाऊ लाकूड, छपराचे गवत, गुरांची चराई, चंदनाची चोरी आणि प्राण्यांची शिकार असा दबाव चहूबाजूंनी होता. 'वायना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रानदालचिनीची साल सोलून ती व्यापाऱ्यांना विकणाऱ्या टोळ्या आठवडेच्या आठवडे जंगलात राहत. साल सोलली की झाड वाळते. शिवाय जंगलात मुक्काम करणारी टोळी पोटासाठी शिकारही करते.

या टोळ्यांतील माणसे श्रीमंत नव्हती. मालाचा मोठा नफा व्यापाऱ्याच्या पदरात पडे आणि सोलणाऱ्याच्या वाट्याला मजुरी व खटले येत. वस्तीवरच्या आदिवासींची स्थिती वेगळी नव्हती. त्यांच्याकडे मिरीच्या बागा होत्या. परंतु उचल घेतलेल्या पैशापोटी त्या बागा सावकार-व्यापाऱ्यांच्या ताब्यात गेल्या होत्या. स्वतःच्याच बागेत पिकलेल्या मिरीचा भाव ठरवण्याचा अधिकार त्यांना उरला नव्हता. पर्यटन मात्र शेजारीच भरभराटीला येत होते. त्यातून मिळणारा पैसा तिकीटखिडकीतून शासनाच्या तिजोरीत आणि हॉटेलांतून मालकांकडे जाई. जंगल राखण्यात आपला काय फायदा, या गावकऱ्याच्या प्रश्नाला या व्यवस्थेकडे उत्तर नव्हते.

४. परिसर-विकासाचा करार

हे उत्तर शोधण्याचा पहिला व्यापक प्रयत्न म्हणजे १९९६-९७ च्या सुमारास सुरू झालेला भारत परिसर-विकास प्रकल्प होय. जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या अर्थसाहाय्याने तो देशातील ७ संरक्षित क्षेत्रांत राबवला गेला: पेरियार, नागरहोळे, गीर, रणथंबोर, बक्सा, पलामू आणि मध्य प्रदेशातील पेंच. पेरियारमध्ये तो २००४ पर्यंत चालला.

प्रकल्पाचा गाभा 'परस्पर बांधिलकी' या कल्पनेत होता. गावाने आपली समिती स्थापन करायची, आपल्या गरजांचा सूक्ष्म आराखडा स्वतः तयार करायचा आणि वन विभागाशी करार करायचा. विभाग उपजीविकेसाठी गुंतवणूक करील आणि त्या बदल्यात गाव जंगलाची विशिष्ट हानी थांबवील. ही मदत फुकट नव्हती. सर्वसाधारणपणे खर्चाचा चौथा हिस्सा सभासदांनी पैशाच्या किंवा श्रमाच्या रूपाने उचलायचा होता. परतफेडीची रक्कम सामूहिक विकासनिधीत जमा होई आणि तेथून पुन्हा गरजूंना कर्ज म्हणून मिळे.

पेरियारमध्ये सत्तरहून अधिक समित्या उभ्या राहिल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की सर्वांसाठी एकच साचा वापरला गेला नाही. काही समित्या गावाच्या होत्या. काही जंगलातील एखाद्या वस्तूवर अवलंबून असलेल्या गटांच्या होत्या, उदाहरणार्थ गवत कापणारे किंवा सरपण आणणारे. काही विशिष्ट कामाच्या, म्हणजे वाटाडे व गस्त घालणाऱ्यांच्या होत्या. शबरीमलाच्या वाटेवर यात्रेकरूंना चहा-फराळ पुरवणाऱ्या स्थानिकांच्याही समित्या झाल्या. वाटेवरची दुकाने बाहेरच्या ठेकेदारांऐवजी या समित्यांकडे आल्याने कचरा आणि लाकूडतोड यांवर लक्ष ठेवणारे लोक यात्रेच्या वाटेवरच तयार झाले.

मन्नान आणि पळियन वस्त्यांत पहिले काम पर्यटनाचे नव्हते, कर्जफेडीचे होते. समितीने सावकारांची देणी भागवून बागा मोकळ्या केल्या आणि मिरीची एकत्रित विक्री सुरू केली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याचे उत्पन्न आधीच गहाण पडले आहे, त्याच्याकडून जंगल राखण्याची अपेक्षा करता येत नाही.

५. साल सोलणारे वाटाडे झाले

या प्रयोगातील सर्वाधिक चर्चा झालेली समिती म्हणजे रानदालचिनीची साल सोलणाऱ्यांची. या माणसांना जंगलाची प्रत्येक वाट, पाणवठा आणि प्राण्यांची ये-जा ठाऊक होती. वनाधिकाऱ्यांशी दीर्घ बोलणी झाल्यावर त्यांनी तस्करी सोडण्याचे आणि तिची माहिती देण्याचे मान्य केले. त्यांच्यावरील खटले मागे घेण्याच्या दिशेने पावले उचलली गेली. त्यानंतर त्यांच्या समितीकडे 'पेरियार टायगर ट्रेल' या पदभ्रमणाचे काम सोपवण्यात आले. मोजक्या पर्यटकांची तुकडी, सोबत समितीचे वाटाडे आणि एक सशस्त्र वनरक्षक, जंगलातच तंबूत मुक्काम, असे त्याचे स्वरूप होते.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने या उपक्रमात चार गोष्टी एकाच वेळी साधल्या. तुकडी लहान असल्याने जंगलावरचा भार कमी राहिला. पूर्वी जेथे तस्कर फिरत, तेथेच आता वाटाड्यांची रोजची वर्दळ असल्याने पर्यटनाची फेरी हीच गस्त ठरली. शुल्काचा भाग सभासदांच्या मेहनतान्यासाठी आणि भाग सामूहिक निधीसाठी राहिल्याने पैसा गावात थांबला. आणि चौथी गोष्ट म्हणजे प्रतिष्ठा. कालपर्यंत ज्याला पाहून वनरक्षक धावत असे, त्याच्याच मागोमाग आता पर्यटक चालू लागला.

पुढे आदिवासी वाटाड्यांच्या समितीने निसर्गफेऱ्या व बांबूच्या तराफ्यावरील सफरी चालवल्या. महिलांचा सहभाग वेगळ्या मार्गाने आला. समित्यांशी संबंधित सुमारे शंभर महिलांनी 'वसंतसेना' हा गट स्थापन केला आणि २००२ पासून चंदनाच्या पट्ट्यात पाळीपाळीने विनामोबदला गस्त सुरू केली. येथे कोणी असे म्हणेल की मग पैशाचे महत्त्व ते काय? परंतु क्रम पाहिला पाहिजे. घराचे उत्पन्न स्थिर झाले, समितीवर विश्वास बसला आणि त्यानंतर ही स्वेच्छेची गस्त सुरू झाली.

६. तोच प्रकल्प, वेगळा अनुभव: नागरहोळे

हाच प्रकल्प कर्नाटकातील नागरहोळेतही राबवला गेला. तेथे जेनु कुरुबा, बेट्ट कुरुबा, यरवा या आदिवासी समूहांचे वास्तव्य जंगलाच्या आत होते आणि विस्थापनाची कटू स्मृती ताजी होती. त्याच सुमारास उद्यानातील निवासव्यवस्था एका मोठ्या हॉटेल कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यात आली. ज्या जंगलात राहण्याचा आमचा हक्क नाकारला जातो, त्याच जंगलात पर्यटकांच्या निवासाला परवानगी कशी, असा आदिवासी संघटनांचा प्रश्न होता. त्यांनी आंदोलन केले आणि न्यायालयातही दाद मागितली. १९९७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा व्यवहार बेकायदेशीर ठरवला. १९९८ मध्ये आदिवासींच्या संघटनेने परिसर-विकास प्रकल्पाविरुद्ध जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. प्रकल्प आखताना आमच्याशी पुरेशी चर्चा झाली नाही, असे तिचे म्हणणे होते.

निधीचा स्रोत आणि परस्पर बांधिलकीचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच होते. फरक परिस्थितीत आणि क्रमात होता. पेरियारमध्ये बहुतेक वस्त्या जंगलाच्या कडेला होत्या, त्यामुळे 'येथून निघून जा' हा प्रश्न चर्चेच्या मध्यभागी नव्हता. नागरहोळेत तोच मुख्य प्रश्न होता. राहत्या जागेच्या हक्काचा वाद मिटलेला नसताना उपजीविकेची मदत देऊ केली, तर ती लोकांना भागीदारी वाटत नाही, निघून जाण्याची किंमत वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाला कायदेशीर चौकट दिली. तथापि त्याआधीच नागरहोळेच्या अनुभवाने एक गोष्ट स्पष्ट केली होती. सहकार्याची सुरुवात हक्क मान्य करण्यापासून होते, केवळ योजना जाहीर केल्याने होत नाही.

७. प्रयोगातून कायद्याकडे

बाहेरच्या निधीवर चालणारा प्रकल्प संपला की त्याच्या समित्या कागदावरच उरतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पेरियारमध्ये हे टाळण्यासाठी २००४ मध्ये केरळ शासनाने 'पेरियार फाउंडेशन' हा सार्वजनिक न्यास स्थापन केला. पर्यटकांच्या प्रवेशशुल्कासोबत परिसर-विकास अधिभार घेण्याची आणि ती रक्कम थेट न्यासाकडे ठेवण्याची सोय झाली. हा बदल वरवर हिशेबाचा वाटतो, परंतु तो मूलगामी आहे. पूर्वी पर्यटकाचा पैसा राजधानीत जाऊन अंदाजपत्रकातून परत येण्याची वाट पाहावी लागे. आता त्यातील एक भाग ज्या जंगलात मिळाला तेथेच खर्च होऊ लागला.

याच काळात राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर २००५ मध्ये केंद्राने नेमलेल्या व्याघ्र कृती दलाने देशभरातील स्थितीचा आढावा घेतला आणि स्थानिकांना बाजूला ठेवून वाघ वाचवता येणार नाही, ही भूमिका ठळकपणे मांडली. २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले आणि कलम ३८ एक्स अन्वये प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारी आणि मेळघाट येथील प्रतिष्ठाने याच तरतुदीखालील आहेत. ताडोबाला जाणारा पर्यटक प्रवेशद्वारावर जे शुल्क भरतो, त्याच्या विनियोगामागे पेरियारचा अनुभव उभा आहे.

२०१२ मध्ये हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाची नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ती उठली. या तत्त्वांनुसार नियंत्रित पर्यटनासाठी गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भागच वापरता येतो. धारणक्षमता काढणे आणि स्थानिकांना लाभ मिळवून देणे हेही त्यात बंधनकारक मानले आहे.

८. जंगलाच्या हद्दीबाहेर: कुमरकोम

पेरियारमध्ये वन विभाग हा एक बलवान भागीदार होता. जेथे अशी एकच यंत्रणा नसते आणि हॉटेले खासगी मालकीची असतात, तेथे काय करायचे? याचे उत्तर केरळने वेंबनाड सरोवराकाठच्या कुमरकोम या गावात शोधले. २००७ मध्ये राज्याने कुमरकोम, कोवळम, थेक्कडी आणि वायनाड येथे 'जबाबदार पर्यटन' हा उपक्रम सुरू केला. कुमरकोममध्ये ग्रामपंचायत, 'कुडुंबश्री'चे महिला गट आणि हॉटेले यांची सांगड घालण्यात आली. हॉटेलांना लागणारा भाजीपाला, नारळ, दूध, मासे गावातूनच घ्यायचे, असे ठरले.

सुरुवातीला पुरवठा अनियमित होता आणि दर्जावरून कुरबुरी झाल्या. त्यावर दर ठरवणारी आणि दर्जा तपासणारी अशा समित्या नेमून, हॉटेलांच्या मागणीप्रमाणे लागवडीचे वेळापत्रक आखून मार्ग काढण्यात आला. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. या कामासाठी केरळ पर्यटनाला २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा युलिसिस पुरस्कार मिळाला. येथेही सद्भावनेपेक्षा ठरलेला दर, ठरलेले प्रमाण आणि तक्रार सोडवण्याची जागा या बाबी निर्णायक ठरल्या.

९. मर्यादा

पेरियारचे उदाहरण आदर्श म्हणून पाठ करण्याआधी त्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत.

(अ) समितीचा चिटणीस हा सामान्यतः वन कर्मचारी असतो. त्यामुळे भागीदारी समसमान राहत नाही. अधिकारी संवेदनशील असेल तर समिती फुलते. तो बदलला की ती मंदावण्याचा धोका असतो.

(आ) समितीची सत्ता जंगलाच्या हद्दीपुरती आहे. कुमळीतील हॉटेलांची दाटी, सांडपाणी, वाहनांची गर्दी यांवर तिचे नियंत्रण नाही. कुमरकोममध्येही वेंबनाडमधील हाउसबोटींचे प्रदूषण भाजीपाल्याच्या करारांनी सुटलेले नाही.

(इ) गर्दीचे पर्यटन संपलेले नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या सरोवरात राज्य पर्यटन महामंडळाची दुमजली बोट उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. परिसर-विकास समित्यांशी या सेवेचा संबंध नव्हता. परंतु एकाच स्थळी दोन प्रकारचे पर्यटन शेजारी-शेजारी चालत होते. एक मोजक्या माणसांचे, तर दुसरे मोठ्या संख्येवर चालणारे. संख्येची मर्यादा जंगलासाठी जितकी आवश्यक असते, तितकीच ती पर्यटकाच्या जिवासाठीही असते, हे या दुर्घटनेने दाखवले.

१०. सारांश

पेरियारच्या सुमारे सव्वाशे वर्षांच्या इतिहासात स्थळ तेच राहिले, पण त्यावरचा अधिकार बदलत गेला. संस्थान, शासन, वन विभाग आणि शेवटी काही अंशी स्थानिक समित्या असा हा प्रवास आहे. जंगलाची हानी कमी झाली ती लोकांना जंगलाचे महत्त्व नव्याने समजावल्यामुळे नव्हे. ते त्यांना आधीपासूनच माहीत होते. जंगल राखण्याचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था झाल्यामुळे हा बदल घडला. या व्यवस्थेचे घटक असे सांगता येतील: हक्कांची मान्यता, कर्जासारख्या अडचणींची आधी सोडवणूक, लेखी परस्पर करार, लहान तुकड्यांचे पर्यटन, उत्पन्नाचा भाग स्थळीच ठेवणारा निधी आणि प्रकल्प संपल्यावरही टिकणारी संस्था. यांतील एखादा घटक वगळला तर उरलेले दुबळे होतात, हे नागरहोळेच्या तुलनेतून दिसते. सहकार्य ही लोकांच्या चांगुलपणावर सोडून देण्याची बाब नाही. ते नियम, हिशेब आणि अधिकार यांच्या आधारे घडवावे लागते.

स्वाध्याय

१. 'मदतनीस' आणि 'भागीदार' या दोन अर्थांनी होणारा स्थानिकांचा सहभाग पेरियारच्या आधारे स्पष्ट करा.
२. परस्पर बांधिलकीच्या कराराचे स्वरूप सांगून साल सोलणाऱ्यांच्या समितीचे कार्य लिहा.
३. पेरियार आणि नागरहोळे येथील परिसर-विकास प्रकल्पाच्या अनुभवांची तुलना करा.
४. पेरियार फाउंडेशन आणि २००६ ची कायदादुरुस्ती यांतील संबंध विशद करा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या पर्यटनस्थळी पर्यटकाने खर्च केलेला पैसा कोणाकोणाकडे जातो, याची नोंद करून त्यातील स्थानिकांचा वाटा वाढवण्याचे उपाय सुचवा.